पाटीवरचं हसू

शहरातल्या निम्म्याअधिक दुकानांवर पेंटरचा हात फिरलेला होता. दाताच्या दवाखान्याची पाटी त्याची, लाँड्रीची त्याची, चष्म्याच्या दुकानाची आणि त्याशेजारच्या कुलूपकिल्ल्यांच्या टपरीचीही त्याचीच. पुढे छापील बोर्ड आले आणि धंद्याला उतरती कळा लागली, तरी ज्यांना अक्षराची पारख होती ते अजून त्यालाच शोधत यायचे. ज्या म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली तो शिकला, ते म्हणायचे, "तू आपली अक्षरं रंगव. चेहऱ्याच्या नादी लागू नकोस. अक्षर कधी रागावत नाही." हा सल्ला त्याने उभा जन्म पाळला. मोडला तो एकदाच, स्वतःच्या मुलीसाठी.

मुलीला घरात बिट्टी म्हणत. ती पहिलीत असताना घर मोडलं. भांडण कशावरून सुरू झालं हे आता दोघांनाही धड सांगता आलं नसतं. सुतावरून स्वर्ग गाठतात, तसा त्यांनी सुतावरून नरक गाठला होता. बिट्टी आईकडे राहिली आणि पेंटरच्या वाट्याला कोर्टातली खोली आली. शनिवारी तासभर तिथे मुलीला भेटायचं. खोलीत तडा गेलेली प्लास्टिकची घसरगुंडी होती, चाकं नसलेल्या मोटारी होत्या, आणि दाराशी खुर्ची टाकून बसलेली एक शिपाईबाई होती. ती लोकर विणता विणता दर थोड्या वेळाने घड्याळाकडे बघायची. बिट्टीला घसरगुंडीत रस नव्हता. ती बाबांच्या नखांत अडकलेला रंग टोकरून काढायची आणि ओळखायची, "आज निळी पाटी होती ना?"

मग शनिवार गळायला लागले. कधी मुलीला ताप, कधी परीक्षा, कधी बस चुकली. त्यातलं काही खरंही असेल. पुढे आईने घर बदललं, शाळा बदलली. पेंटरने अर्ज केला. त्यावर तारखेला तारीख लागत गेली, आणि एके दिवशी त्याच्या लक्षात आलं की आपली मुलगी आता किती उंच असेल हे आपल्याला माहीत नाही.

कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर त्याला नर्सबाई भेटली. तिचा मुलगा बापाकडे होता. रात्रपाळी करणारी आई मूल काय सांभाळणार, असं तिला तिथे ऐकवलं गेलं होतं. "रात्रभर परक्यांची पोरं सांभाळते, ती चालते," ती म्हणाली, "स्वतःचं तेवढं जमायचं नाही मला." तिनेच त्याला मास्तरांकडे नेलं. मास्तर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक. मुलाचा घटस्फोट झाल्यापासून नातू त्यांच्या नजरेला पडला नव्हता. अशा आयांना, बापांना, आजीआजोबांना गोळा करून त्यांनी एक संघटना उभी केली होती. कचेरी वगैरे काही नव्हती. कोर्टासमोरच्या फुटपाथवर उभं राहायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला समजावायचं आणि निवेदनावर सही मागायची.

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात," मास्तर नव्या माणसाला सांगायचे. "आपण चढलो. म्हणजे आपण शहाणे नाही, एवढं सिद्ध झालं. आता पुढचं गणित घेऊ."

पुढचं गणित म्हणजे तीन मागण्या होत्या. मुलावर आईबापांचा सारखा हक्क असावा. तारखा लांबवू नयेत. आणि निकालाआधी न्यायाधीशांनी मुलाला एकट्याला, काळे कोट नसलेल्या खोलीत बसवून, त्याचं म्हणणं ऐकावं. मास्तरांचा सगळा जीव या तिसऱ्या मागणीत होता. "दोन मोठी माणसं भांडतात, आणि ज्याच्यावरून भांडतात त्यालाच कुणी विचारत नाही," ते म्हणायचे. "आकडा न वाचताच गणित सोडवायला बसल्यासारखं आहे हे."

पेंटर काही बोलणारा गडी नव्हता. चार माणसं समोर आली की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. तेव्हा त्याने पाट्या अंगावर घेतल्या. पहिल्या पाट्यांवर नुसती अक्षरं होती. लोक वाचायचे न् पुढे जायचे. मग एका दुपारी त्याने पत्र्याच्या पाटीवर मुलीचा चेहरा काढला. समोर फोटो नव्हता, हाताला जे आठवलं ते काढलं. दोन वेण्या, लाल रिबिनी, पुढचा एक दात पडलेला, आणि मोठं हसू. खाली लिहिलं, 'मला आई पण हवी, बाबा पण हवेत.'

त्या पाटीपुढे माणसं थबकायला लागली. एका बाईने डोळे पुसले. वर्तमानपत्रात फोटो आला. नर्सबाई म्हणाली, "आमची वर्षभराची बडबड एकीकडे आणि तुझी ही पोरगी एकीकडे." मास्तरांनी तशाच आणखी पाट्या मागितल्या. पेंटरने त्या चौकाचौकांत लावल्या, आणि एक मात्र कुणाला न विचारता बिट्टीच्या नव्या घराखालच्या, शाळेच्या बसथांब्यासमोरच्या कुंपणावर बांधली. पत्ता कोर्टाच्या कागदांत होता. संघटनेसाठी ती जागा काही मोक्याची नव्हती. पण रोज सकाळी बिट्टी इथे उभी राहणार, तिला ही पाटी दिसणार. बाबांचा हात ती ओळखणार नाही असं होईल का? कोर्टाने शनिवार घालवले तर घालवले. आता तिला रोज कळेल की बाबा तिला विसरलेला नाही.

त्या एका पाटीला मात्र कुणाची तरी दृष्ट लागली होती. महिन्यातून एकदा तरी कुणीतरी टोकदार काहीतरी घेऊन तिच्यावरचं तोंड खरवडून ठेवायचं. डोळे, वेण्या, अक्षरं, कशालाही हात नाही. नेमकं तोंड. पेंटर दुपारी जाऊन, रस्त्यावरच्या टवाळ पोरांना शिव्या मोजत पत्रा घासायचा, अस्तर द्यायचा आणि बारीक ब्रशने तोंड पुन्हा रंगवायचा. दर वेळी हसू थोडं अधिक मोठं व्हायचं. नर्सबाई म्हणाली, "जाऊ दे ना, बाकीच्या आहेत की." तो म्हणाला, "तोंडाशिवाय कसं ठेवू तिला?"

मग कोर्टात नव्या न्यायाधीशबाई आल्या. त्यांनी संघटनेचं निवेदन नुसतं ठेवून घेतलं नाही, वाचलं. घसरगुंडी गेली, खोलीला नवा रंग लागला, आणि ठरलं की यापुढे मुलांचं म्हणणं इथे, वकिलांना बाहेर ठेवून ऐकलं जाईल. सुरुवात पेंटरच्या अर्जापासून होणार होती. मास्तरांनी सगळ्यांना चहा पाजला. आयुष्यात प्रथमच ते गणित सोडून बोलले. म्हणाले, "पेंटर, तुझ्या हाताला यश आहे."

सुनावणीच्या दिवशी पेंटरने रॉकेलने घासून नखं स्वच्छ केली, मग बाकावर बसल्यावर त्याला वाईट वाटलं. थोडा निळा ठेवायला हवा होता.

जिन्यावरून बिट्टीची आई वर आली आणि तिच्यामागून एक उंच, कानांच्या वर केस कापलेलं पोर. पेंटर त्या पोराच्या मागे जिन्याकडे बघत राहिला. वेण्या शोधत राहिला. नर्सबाईने त्याला कोपर मारलं तेव्हा त्याला कळलं, तोवर मुलगी आत गेली होती आणि दार लागलं होतं.

बराच वेळ गेला. मग त्याच शिपाईबाईने दार उघडून त्याला एकट्याला आत बोलावलं.

खोलीत गोल टेबल होतं. न्यायाधीशबाई कोट न घालता बसल्या होत्या. "बसा," त्या म्हणाल्या. "मी हिला म्हटलं, तुझा निरोप मी सांगते. ती म्हणते, मीच सांगणार."

मुलगी टेबलाच्या कडेकडे बघत होती. तिचा आवाज त्याच्या ओळखीचा नव्हता, जरा जाड झाला होता.

"ती पाटी काढ."

"कोणती, बेटा?"

"कोणती काय. बसथांब्यासमोरची. सगळ्याच काढ."

"तुला आवडली नाही का?"

"वर्गात मला पाटी म्हणतात," ती म्हणाली. "बसमध्ये चढले की विचारतात, काय पाटी, आज कोण हवंय, आई की बाबा? मास्क लावला तरी विचारतात. म्हणून केस कापले."

पेंटरने ओठ ओले केले. "मला वाटलं, तुला कळेल... बाबाला तुझी आठवण येते ते."

"कळलं ना. सगळ्यांनाच कळलं."

मुलीने खिशातून कंपासपेटीतलं कर्कटक काढून टेबलावर ठेवलं, जणू हरवलेली वस्तू परत करावी तसं.

"मी तोंड खोडायचे. आई कामाला लवकर जाते, तेव्हा मी बस यायच्या आधी खाली येऊन खोडायचे. मी असं कधी म्हटलंच नव्हतं, बाबा. मला कुणी विचारलंच नव्हतं. मी खोडायचे आणि तू परत काढायचास. परत. आणि आणखी हसरं."

पेंटरला त्या खरवडलेल्या पत्र्याचा खरबरीत स्पर्श बोटांना जाणवला. किती काळजीने घासला होता त्याने तो.

"मला वाटलं टवाळ पोरं..."

"तेच सांगितलं मी मॅडमना. तुला वाटतं. नेहमी तुला वाटतं."

"तुला बाबांना भेटायचंय का?" न्यायाधीशबाईंनी हळूच विचारलं.

"नाही." मग थोड्या वेळाने, "आत्ता नाही. मोठी झाले की बघेन."

ती त्याच्याकडे न बघता बाहेर गेली. कर्कटक टेबलावरच राहिलं. न्यायाधीशबाई पेंटरला म्हणाल्या, "मुलगी स्वतः म्हणेपर्यंत भेटी थांबवाव्या लागतील. मला दुसरं काही लिहिता येत नाही. मुलाचं ऐका, ही तुमच्याच लोकांची मागणी होती."

"हो," पेंटर म्हणाला. "पाटी मीच रंगवली होती."

बाहेर व्हरांड्यात बिट्टीची आई त्याला आडवी आली. इतक्या वर्षांत ती प्रथमच आवाज न चढवता बोलली. "मी तिला काही शिकवलेलं नाही. तुला खोटं वाटेल."

त्याला ते खरं वाटलं. खोटं वाटलं असतं तर निदान रात्री रागाला धरून झोप तरी आली असती.

फुटपाथवर सगळे वाट बघत होते. त्याच्या चेहऱ्याकडे बघून कुणी विचारलं नाही, पण सांगावं लागलंच. मास्तर खाली बघत ऐकत होते. संघटनेतला एक टॅक्सीवाला म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण झालं हे. पण पाट्या काढू नको रे. रविवारी मोर्चा आहे, लोक त्या चेहऱ्याला ओळखतात. तो तुझ्या मुलीचा आहे हे कुणाला माहीत?"

"तिला माहीत आहे," पेंटर म्हणाला.

पुढची तारीख नर्सबाईच्या मुलाची होती. कोर्टाच्या वरच्या मजल्यावरच्या त्या खिडकीकडे ती अशी बघत होती, जणू रुग्णाचा रिपोर्ट हातात आहे आणि उघडायचा नाही.

"मास्तर," ती शेवटी म्हणाली, "माझा पण 'नाही' म्हणाला तर?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तर तेही ऐकायचं," ते म्हणाले. पण हे सांगताना त्यांचा वर्गात शिकवतानाचा आवाज लागला नाही.

पेंटरने त्याच दिवशी चौकाचौकांतल्या पाट्या उतरवल्या आणि हातगाडीवर घालून दुकानात आणल्या. पांढरा रंग मारला. सकाळी बघतो तर पांढऱ्यातून रिबिनींचा लाल वर आलेला. त्याला हसू आलं नाही. लाल कधी नुसत्या पांढऱ्याखाली राहत नाही, आधी चंदेरी रंग द्यावा लागतो, हे त्याने स्वतः कित्येकांना शिकवलं होतं. त्याने सगळ्या पाट्या पुन्हा घासल्या, चंदेरी हात दिला आणि वाळत ठेवल्या. एकामागून एक चेहरे गेले.

बसथांब्याची पाटी त्याने शाळा भरल्यावर जाऊन काढली, म्हणजे ती तिथे उभी नसेल. तोंड पुन्हा खरवडलेलं होतं. या वेळी पत्र्याला भोक पडेपर्यंत. भोकाच्या कडेला गंज धरायला लागला होता.

नर्सबाई रात्रपाळी उरकून तशीच दुकानात आली. मोर्चासाठी काहीतरी लागेल, नुसती अक्षरं चालतील, असा मास्तरांचा निरोप होता.

"काय लिहू?" पेंटरने विचारलं.

"तेच. मुलांचं ऐका."

त्याने दोरी धरून सरळ रेषा मारल्या आणि चंदेरी पत्र्यांवर काळ्या रंगात अक्षरं उतरवली. अशी टपोरी, नीटस अक्षरं त्याने कित्येक वर्षांत काढली नव्हती. नर्सबाई स्टुलावर बसून बघत होती.

"रविवारी येणार ना?"

"लाँड्रीची पाटी द्यायचीय," तो म्हणाला. मग म्हणाला, "नाही येणार, ताई."

तिने आग्रह केला नाही. वाळलेल्या पाट्या काखेत घेऊन निघाली, आणि दाराशी थांबून भिंतीला टेकलेल्या शेवटच्या पाटीकडे तिने बोट दाखवलं. "ही राहिली की. ही नाही रंगवायची?"

"असू दे."

ती गेल्यावर पेंटर त्या पाटीसमोर उकिडवा बसला. वेण्या तशाच होत्या, रिबिनी उन्हाने फिकट झाल्या होत्या, आणि तोंडाच्या जागी पलीकडची भिंत दिसत होती. सवयीने त्याने बारीक ब्रश उचलला आणि टोकाला लाल घेतला. ब्रश त्या भोकाच्या कडेपर्यंत नेला. मग ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात उभा केला आणि लाल रंग हळूहळू तळाला जाताना बघत राहिला.