सहा जणांची फुंक

देवानंदा, बस आधी. त्या बाजंवर नको, तिची नवार ढिली झाली, या पोत्यावर बस. तू भुजंगाची चौकशी करायला आलास. शाळेसाठी दोन बसा घेतल्यास, डायवर पाहिजे, आन भुजंगानं तुला सांगितलं का कचरू उस्तादाला इचारा, त्यांच्याच हाताखाली शिकलो. बराबर हाय. मीच शिकवलं. आता तू म्हनशील, चांगला का वाईट तेवढं एका शब्दात सांगा. तसं न्हाई जमत बाबा. सगळं सांगतो तुला, पार मुळापासून. चहा थंडा झाला तरी मधात उठू नको.

वीस वर्सं मी जालन्याला टँकर चालवला. तेजाबाचा, म्हंजे ॲसिडचा. यार्डातून निघायचं, अंबड, वडीगोद्री, शहागडचा पूल, आन पुढं बीडाकडं. शाळा म्हन्शील तर तिसरीत सोडली. पण गावात माझी एक वळख होती. कचरू पीत न्हाई. डायवर असून पीत न्हाई. लोकं हसायचे, म्हनायचे हा बिनशिंगाचा बैल. हसू द्या म्हन्लं.

त्याला कारण सगुणा. तिचा थोरला भाऊ दारूनं गेला. लग्न जमलं तवा तिनं निरोप धाडला, पोरगा डायवर हाय, तर त्यानं हातावर पाणी घेऊन सबूद द्यावा, मंगच मी बोहल्यावर उभी राहीन. बाप भडकला माझा. म्हन्ला, नवरी हाय का फौजदार? पण मी चार लोकात पाणी सोडलं. तवापासून थेंब न्हाई. बिडी वढतो, ती तिनं माफ केली.

तर नव्याण्णव साल. तेजाब ज्या पुण्याच्या कंपनीचं, त्यांनी कायदा काढला. सकाळी गेटाबाहेर जायच्या आधी दर डायवरनं मशीनीत फुंकायचं. मशीन केवढी, तर साबणाच्या दोन वड्यांएवढी. तिला पिलास्टिकची नळी. शिट्टी वाजंस्तोवर फुंकायचं, मंग खालून चिठ्ठी येती. चिठ्ठीवर शून्य असलं तर गाडी बाहेर. ती चिठ्ठी रजिस्टरात डकवायची, बाजूला डायवरची सही. आम्ही तिला पुंगी म्हनायचो.

पहिल्या दिवशी अकरा जणांनी फुंकलं. सहा धरले. सकाळच्या सहा वाजता! रात्रीची उतरलीच न्हवती कोणाची. सहा टँकर उभे. आमचे मॅनेजर आबाराव, ते डोक्याला हात लावून बसले. म्हन्ले, "अरे ही मशीन हाय का महादेवाचा तिसरा डोळा?" दुसऱ्या दिवशी पाच धरले. तिसऱ्या दिवशी परत सहा. पुण्याहून फोनावर फोन, माल कुठंय, माल कुठंय.

असं आठ दिवस चाललं. मंग एक दिवस भुजंग माझ्यापाशी आला. पिंपळगाव रेणुकाईचा हा. पार दुबळा आल्ता माझ्याकडं, स्टेरिंग धरायला, गेर टाकायला, घाटात गाडी उतरायला, सगळं मी शिकवलं. मला उस्ताद म्हनायचा. कानाशी लागून म्हन्ला, "उस्ताद, पोरीचा साखरपुडा होता काल. पाव्हण्यात बसावं लागलं. तुम्ही मारा ना एक फुंक माझ्या नावानं. मशीनीला काय तोंड दिसतं का?"

मी म्हन्लो, "गाढवा, चोरी हाय ही."

"चोरी कशाची? तुमच्या तोंडातली हवा, ती काय सरकारची हाय?"

पोरीचं नाव घेतलं त्यानं, मी ढिला पडलो. मारली फुंक. शून्य आलं. त्यानं सही ठोकली. वळून बघतो तं खिडकीत आबाराव! म्हन्लं, गेली नोकरी. आबाराव बाहेर आले, इकडं तिकडं पाह्यलं, माझ्या पाठीवर थाप मारली आन म्हन्ले, "कचरू, तुझ्या पोटात गंगा हाय रे, गंगा!"

झालं. दुसऱ्या दिवसापासून तोच रिवाज पडला. मी सहाच्या आधी यार्डात. चूळ भरायची, मशीनीपुढं उभं राह्यचं. "बोला, कोणाची?" याची मार, त्याची मार. सहा सहा फुंका मारायचो. शेवटच्या फुंकंला छाती भरून यायची, डोळ्यापुढं काजवे. आन हे हरामखोर मागं उभे राहून मजा करायचे, "कचरूदा, आज जरा जोरात मारा, काल लई झाली!" आबाराव तिथंच बसून चिठ्ठ्या डकवायचे, डिंकाची बाटली घेऊन, देवाचे फोटो डकवावे तसे.

तू इचारशील, तुम्ही काहून केलं हे? पैसा न्हाई घेतला, आई शप्पथ. खरं सांगू? मला बरं वाटत होतं. जन्मभर हसले मला, आन आता माझ्याबिगर एक गाडी हलत न्हवती. माणूस अशा गोष्टीला भुलतो, देवानंदा. सगुणाला न्हाई सांगितलं. तिथंच कळायला पाहिजे होतं मला. जी गोष्ट बायकोला सांगवत न्हाई, ती काय पुण्याईची असती?

दोन वर्सं चाललं. मंग ती पौषातली सकाळ. भुजंग आला तं डोळे लाल, बोलताना जीभ जड. रोजच्यापेक्षा जास्ती होती. मी म्हन्लो, "आज न्हाई. आज घरी जाय."

"उस्ताद, वडीगोद्री येईस्तोवर उतरंल. थंडी हाय."

आबाराव आतून वरडले, "कचरू, जल्दी!"

आन मी फुंकलो. ऐकलंस का? मला दिसत होतं, वास येत होता, तरी फुंकलो. शून्य.

माझी गाडी पुढं निघाली. वडीगोद्रीला मी चहाला थांबलो, भुजंगाचा टँकर हारन मारून पुढं गेला. शहागडला पुलाच्या अलीकडं झुंबरबाई जांबं विकायची. लाकडाच्या फळीवर पेरूंचा ढीग लावून. आम्ही सगळे डायवर तिची गिऱ्हाइकं. मला म्हनायची, "कचरूभाऊ, तुम्ही न पिणारे, तुम्हाला गोड जांब देते, त्या बेवड्यांना कवळी." मी पोचलो तं रस्त्यावर जांबंच जांबं, आन गर्दी. टँकर फळीवर चढलेला. नशीब टाकी फुटली न्हाई. झुंबरबाईचा पाय चाकाखाली. मी तिला उचललं तवा ती माझ्याकडंच बघत होती. गुडघ्याच्या वर पाय कापावा लागला.

पोलिसांनी भुजंगाला धरलं. नऊ वाजता तोंडाला भपका. आन रजिस्टरात चिठ्ठी काय म्हन्ती? शून्य.

हात मोडला होता त्याचा, दवाखान्यात टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी मी गेल्तो. माझे पाय पकडले त्यानं, पलस्तराच्या हातानं. म्हन्ला, "उस्ताद, तुम्ही बिलकुल बोलू नका. पुण्याचा साहेब येऊन राह्यला. मी सांगतो का मी रस्त्यात पिलो, माझी मी पिलो. तुम्हाला आच लागू देणार न्हाई. रेणुकाईची आन."

त्याच्या गावची देवी. तिची आन खोटी खाईल असं माझ्या मनात बी आलं न्हाई.

तिसऱ्या दिवशी यार्डात चौकशी. पुण्याचा साहेब, चष्मेवाला, शांत माणूस. टेबलावर रजिस्टर. आबाराव बाजूला. आम्ही डायवर रांगेत उभे. भुजंगाला रिक्षानं आणलं होतं.

साहेब म्हन्ले, "चिठ्ठीवर शून्य आहे. मग दारू कुठे प्यायलात?"

भुजंग म्हन्ला, "वडीगोद्रीला, साहेब."

"एकटे?"

भुजंगानं आबारावाकडं पाह्यलं. मंग जमिनीकडं. म्हन्ला, "कचरू उस्तादानं पाजली साहेब. त्यांची गाडी तिथं उभी होती. मी नको म्हनत होतो. उस्ताद माणूस, त्यांचा सबूद मोडता येईना. ते बी पिले दोन घोट."

मला पहिल्यांदा वाटलं दुसऱ्याच कोणाचं चाललंय. म्हन्लो, "भुजंग्या, काय बोलून राह्यला?" तो वर बघंच ना.

मंग मी फुटलो. सगळं वकलो. म्हन्लो, "साहेब, मी जन्मात पिलो न्हाई. ही फुंक माझी हाय. त्याची बी माझी, हे सहा जण उभे, या सगळ्यांची माझी. दोन वर्सं मीच फुंकून राह्यलो. आबाराव स्वतः चिठ्ठ्या डकवतात."

साहेबांनी रजिस्टर फिरवलं. "इथे तर प्रत्येकाची सही आहे." मंग एकेकाला इचारलं. पहिला म्हन्ला, आमची फुंक आम्ही मारतो साहेब. दुसरा म्हन्ला, दुसऱ्याची फुंक कशी चालंल साहेब, कायदा हाय. देवानंदा, कायदा! ज्याचं तोंड रोज सकाळी आंबलेल्या भाकरीवाणी यायचं, तो कायदा सांगत होता. सहाच्या सहा. एक मायचा लाल खरं न्हाई बोलला.

आबाराव एकदम मऊ आवाजात म्हन्ले, "साहेब, जुना माणूस आहे, घाबरलाय. जरा समजून घ्या."

मी म्हन्लो, "आणा ती पुंगी! आत्ता फुंकतो!" हिसकून घेतली आन फुंकलो, शिट्टी वाजली तरी फुंकतच राह्यलो. चिठ्ठी आली. शून्य. साहेबांपुढं धरली.

साहेबांनी बघितली, बाजूला ठेवली. म्हन्ले, "हे आजचं झालं. परवाचं यावरून कळत नाही."

सहा जणांची फुंक माझ्या तोंडानं चालली. दोन वर्सं चालली. माझी एकट्याची न्हाई चालली.

नंतर कळलं मला, आबारावानं आदल्या दिवशी दवाखान्यात जाऊन सगळं ठरवलं होतं. चिठ्ठ्या खोट्या निघाल्या असत्या तर पुण्याचं काम गेलं असतं, यार्डाला कुलूप. म्हनून दारू गेटाबाहेर पिलेली पाहिजे होती, आन पाजणारा कोणी पाहिजे होता. भुजंगाला केस झाली, लायसन गेलं तीन वर्सं, पण यार्डात बसून काम दिलं त्याला. मला कामावरनं काढल्याचा कागद दिला. 'कामावर मद्यपान करून सहकाऱ्यास पाजले.' त्याच्या नकला जालन्याच्या सगळ्या ट्रान्सपोर्टात गेल्या. ज्या दारात गेलो, तिथं माझ्या आधी तो कागद पोचलेला.

घरी आलो तं सगुणा उंबऱ्यात उभी. बातमी पोचली होती. मला आत येऊ देईना. म्हन्ली, "फुंका."

पोरांदेखत तिच्या तोंडावर फुंकलो. तिनं वास घेतला. म्हन्ली, "बिडी हाय निस्ती." बाजूला झाली. पाणी दिलं. मंग मी सगळं सांगितलं तिला, पार साखरपुड्यापासून. ती ऐकून घेत गेली. शेवटाला म्हन्ली, "तुम्ही पिले न्हाई, हे मला ठाऊक हाय. पण ती फुंक तुमची होती का वाटायला? चार लोकात पाणी सोडून मला दिल्ती तुम्ही ती."

भुजंगानं मारलं, आबारावानं मारलं, त्या सहा जणांनी मारलं, पण तिचा सबूद आजून हितं रुतून बसलाय. तिनं नंतर कधी काढला न्हाई तो इषय. काढला असता तर बरं झालं असतं.

तवापासून ट्रॅक्टर चालवतो, घनसावंगीला ऊस वाहतो. भागतंय. गावातले आता हसत न्हाईत, उलटं म्हन्तात, कचरूदा, बसा आमच्यात, आता काय लाजता? तेबी सोडून दे.

पण शहागडचा बाजार असतो ना, तिथं झुंबरबाई आजून बसती. आता जमिनीवर बसती, कुबडी बाजूला. मी समोरून गेलो का तोंड फिरवती. एकदा मी थांबलो, म्हन्लो, "झुंबरबाई, मी न्हाई पाजली त्याला." तर म्हन्ली, "कागद हाय म्हन्तात तुमचा. जांबं घ्यायची तर घ्या, न्हाईतर सरका, उजेड अडतोय."

तिला मी काय सांगू? पाजली न्हाई हे खरं, आन गेटाबाहेर मीच काढला त्याला हे बी खरं. दुसरं सांगायचं म्हन्लं तर आधी पहिलं तिला पटलं पाहिजे. आन ते माझ्या तोंडून न्हाई पटत. माझ्या तोंडाची किंमत मीच वाटून टाकली.

तर तुझा सवाल. गाडी चांगली चालवतो भुजंग. हात साफ हाय, मीच घडवला. आता पितो का न्हाई, मला ठाऊक न्हाई. तुला नोकरी द्यायची तर दे, त्याला बी लेकरं हायेत, मी आडवा येणार न्हाई. पण तुझ्या बसमधी शाळंची लेकरं बसणार, तर मशीन घे आन तुझ्या डोळ्यादेखत त्याच्याच तोंडात नळी दे.

आन माझं एक काम कर, देवानंदा. तुझं ऐकंल तो, त्याला नोकरी पाहिजे. येत्या बाजारच्या दिवशी त्याला तुझ्या गाडीत घाल आन शहागडला झुंबरबाईपुढं नेऊन उभा कर. पाया पडू नको म्हनावं, रडू नको म्हनावं. कचरूनं पाजली न्हाई, एवढंच तिला सांग म्हनावं. मी तिथंच बाजूला उभा राह्यतो. त्यानं त्याचं सांगितलं का माझं मी सांगतो. एवढं कर माझ्यासाठी.