बोंबलांवरचा गुलाब

जानकीने सुके बोंबील जितक्या जिवापाड लपवले, तितकं आयुष्यात दुसरं काहीच लपवलं नसेल. डालड्याच्या डब्यात, वर तांदूळ, त्यावर वर्तमानपत्र आणि झाकणावर वरवंटा. एवढा बंदोबस्त तर तिने मंगळसूत्राचाही केला नव्हता.

त्याला कारण होतं. जावई मस्कतला नोकरीला, लेक सुलक्षणाही तिकडेच. म्हणून त्यांचा घाटकोपरचा फ्लॅट सांभाळायला जानकी आणि दत्ताराम लालबागची खोली सोडून आले होते. संपात दत्तारामची गिरणी बंद पडली ती पडलीच, तेव्हा ही सोय बरीच म्हणायची. पण बिल्डिंग निव्वळ शाकाहारी. जावयाने घर घेतलं तेव्हाच सेक्रेटरींनी त्याला बजावलं होतं, "मासे-मटण चालणार नाही हं." आणि सेक्रेटरींची बायको शुभा नेमकी समोरच्याच दारात. आता मालवणकडच्या माणसाने बोंबलांशिवाय पेज गिळायची तरी कशी, हा विचार सोसायटीच्या नियमात कुणी केलेला नव्हता.

मग सुलक्षणा सुट्टीवर येताना फवाऱ्याचे डबे घेऊन आली. वर गुलाबाचं चित्र, खाली इंग्रजी आणि अरबी. बटण दाबलं की फुस्स! घरभर गुलाबच गुलाब. जानकी हरखून गेली. तेव्हापासून तिचा बेत ठरला. खिडक्या लावायच्या, दाराच्या फटीत पंचा कोंबायचा, तव्यावर बोंबील खरपूस भाजायचे, गॅस बंद करायचा आणि मग डबा घेऊन कोपरान्‌कोपरा शिंपायचा, पडदे, गाद्या, दत्तारामची खुर्चीसुद्धा. शेवटी दार ओढून जिन्यात उभं राहायचं आणि वास बाहेर येतो का ते हुंगायचं. दत्ताराम आत बसून पेज-बोंबील खात असायचा.

पावसाळा सरताना त्याला कोरडा खोकला लागला. संध्याकाळी कणकण, जिना चढताना धाप. कुणी म्हणालं विडी, कुणी म्हणालं गिरणीतला कापूस आता बाहेर निघतोय. जानकीने टीबीच्या भीतीने देव पाण्यात घातले. मधे पुतण्याच्या लग्नाला गावी गेले, तर हा गडी खडखडीत बरा! मांडवाचे बांबू स्वतः वाहिले. सगळ्यांनी गावच्या पाण्याला श्रेय दिलं. घाटकोपरला परतल्यावर जानकीने कौतुकाने बोंबील भाजले, फुस्स केलं, आणि पुन्हा खोकला सुरू. पाणी बाधलं म्हणून ती बिचारी पाणी उकळून देऊ लागली.

एका दुपारी ती जिन्यातून हुंगून परत आली तर दत्ताराम टेबलाला धरून उभा, ओठ काळेनिळे, श्वास वरच्या वर. तिची किंकाळी ऐकून शुभा धावत आली. तिनेच टॅक्सी बोलावली, तिनेच हॉस्पिटलात धावपळ केली.

डॉक्टर तरुण होता, पण चिवट. एक्स-रे उजेडाला धरून म्हणाला, "टीबी नाही. फुप्फुसांना सूज आलीय. गावी बरे होता, घरी आलात की आजारी पडता. घरात काय जाळता? काय फवारता?"

दत्तारामने ऑक्सिजनच्या मास्कमागून जोरजोरात मान हलवली. काही नाही.

फवारा म्हटला की कशासाठी ते आलं, आणि शुभा थर्मास घेऊन शेजारीच उभी. लेकीच्या घराची अब्रू एकीकडे, नवऱ्याचा श्वास एकीकडे. जानकीने एकदा शुभाकडे पाहिलं, एकदा त्याच्या धपापणाऱ्या छातीकडे, आणि डोळे मिटून म्हणाली, "बोंबील!"

"बोंबलाने फुप्फुस सुजत नाही हो, बाई," डॉक्टर म्हणाला.

मग तिने सगळं सांगितलं. पंचा, खिडक्या, गुलाब, सगळं. डॉक्टरने कपाळाला हात लावला. "बंद खोलीत रोज तो फवारा! त्यातली रसायनं सरळ यांच्या छातीत जातायत. वेळेवर आणलंत. आजपासून तो डबा बंद, खिडक्या उघड्या, गोळ्या मी देतो. बरे होतील, पण दमाने."

तो गेल्यावर जानकी खालमानेने म्हणाली, "शुभाताई, भावजींना सांगा, आम्ही घर खाली करतो."

"काहीतरीच काय! बोंबलांचा वास मला पहिल्या आठवड्यापासून येतोय. ह्यांना मी सांगते, गटाराचा आहे." शुभाने थर्मासमधला चहा तिच्या हातात दिला. "त्या गुलाबाने मात्र माझं डोकं उठायचं. मला वाटायचं, भाऊंच्या खोकल्यावरचं औषध मारताय, म्हणून गप्प बसले."

जानकीला हसावं की रडावं कळेना. तिने दोन्ही केलं.

शुभा घरी गेली, तसं जानकीने स्टूल खाटेजवळ ओढलं. आता तिला राग आला होता. "त्या फवाऱ्यान दम लागत होतो, तुमका कळत होता मा? मगे सांगूक काय झालेला? मी काय खाललं असतंय तुमका?"

दत्तारामने मास्क जरा खाली ओढला. "तो डबो हातात घेतलंस की तू हसायचंस," तो थांबत थांबत म्हणाला. "पोरीसारख्या घरभर फिरायचंस. गिरण बंद झाल्यापासून तू हसललंस खंय गो? म्हटलंय, खोकलो काय, येतलो नि जातलो."

जानकीने मास्क पुन्हा त्याच्या नाकावर नीट बसवला. रबर चांगलं घट्ट होतं, तरी तिने हात तिथून काढला नाही.

"बोलू नको आता," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिने त्याला पहिल्यांदाच अरेतुरे केलं. "श्वास घे."