हॅदरविकच्या चौकातली कडी

मी कडी बोलतेय. दाराची नव्हे, हॅदरविकच्या बाजारचौकात दगडात शिसं ओतून बसवलेली. एमॉस लोहारानं मला नांगराच्या मोडक्या फाळातून घडवलं. आधी शेतं नांगरायचे, मग वळू फाडले जात असताना त्यांना धरून ठेवायची पाळी आली. नशीब माझं!

गावाचा नियमच होता, वळूचं मांस विकायचं तर आधी त्याच्यावर कुत्रे सोडायचे. त्यानं म्हणे मांस मऊ होतं. मऊ कसलं डोंबल! लोकांना तमाशा हवा असायचा. बाजारादिवशी बायका अंड्यांच्या पाट्या टाकून पुढे घुसायच्या, पाद्रीबुवाही खिडकीत उभे असायचे. माझ्यावर उडालेलं रक्त पुढच्या बाजारापर्यंत तसंच वाळायचं.

पलीकडच्या टेकडीवर टॅबिथा रज नावाची विधवा राहायची. आई मेलेलं एक वासरू तिनं दुधात बोटं बुडवून चोखवत वाढवलं होतं. त्याचं नाव बार्नबी. त्याचा दांडगा वळू झाला. म्हातारपणी तो लंगडू लागला, हिवाळ्याला वैरण पुरेना, तेव्हा रडतच तिनं त्याला क्रॅब खाटकाला दिलं.

"तुझ्या आवारात, एका घावात. कुत्रे नकोत," ती म्हणाली.

"शब्द म्हणजे शब्द, टॅबिथाबाई."

आणि बाजारादिवशी हाच क्रॅब बार्नबीचा दोर माझ्यात ओवत होता. "कुत्र्यांशिवाय मांस? त्यापेक्षा तुझे जोडे शिजवून खाऊ!" असं लोक ओरडले होते आणि गडी लगेच नरमला होता.

पहिला कुत्रा बार्नबीनं शिंगावर घेतला. तो पोट फाटून पाववाल्याच्या फळीवर आदळला. दुसऱ्याच्या बरगड्या त्यानं खुरांखाली चुरल्या. कुत्रे नाक धरतात, हे त्याला न शिकवताच कळलं असावं. नाकपुड्या जमिनीला टेकवून, शिंगं पुढे करून तो लंगडा जीव लढत होता. दोर ताणला की मी करकरायचे. तुटण्यासाठी मी जिवाचं रान केलं, पण त्या मेल्या एमॉसचं काम फार चोख होतं.

इतक्यात चीजची टोपली घेऊन टॅबिथा चौकात आली. गर्दीतून तिला ती शिंगं दिसली.

"बार्नबी! अरे बार्नबी, मी आलेय रे!"

वैरणीच्या वेळी बघावं तसं त्यानं मान वर करून तिच्याकडे बघितलं. त्याच क्षणी तिसऱ्या कुत्र्यानं त्याचं नाक धरलं. बार्नबी गुडघ्यांवर कोसळला आणि असा हंबरला, की माझा दगड थरथरला. लोकांनी टोप्या उडवल्या.

टॅबिथा थेट आत घुसली.

"बाजूला हो बाई, मरशील!" घण घेऊन उभा असलेला क्रॅब ओरडला.

"घण दे इकडे. एक घाव म्हणाला होतास ना?"

तिनं त्याच्या हातातून घण हिसकावला आणि बार्नबीच्या कपाळावर हाणला. एकच घाव. कुत्रा मात्र नाकाला लोंबतच राहिला. टाळी वाजवायला कुणाचा हात उठला नाही. पुढे तिनं एकाही वासराला नाव दिलं नाही, असं ऐकलं.

आता तो खेळ बंद झाला. टेकड्यांवरून भटकून पाहुणे येतात, चहा-केक खातात, माझ्यासोबत फोटो काढतात. वाटाड्या सांगतो, "ही घोडे बांधायची कडी." सांगू दे बापडा.

पण परवा कुणीतरी एक तपकिरी कुत्रा माझ्याशी बांधला आणि चहाच्या दुकानाच्या दारातून त्याला लाडानं हाक मारली. कुत्रं धावलं, पट्टा ताणला, आणि मी पुन्हा करकरले.

तुम्ही आलात तर एवढं ऐका. माझ्याशी बांधलेल्याला लांबून हाक मारू नका. आधी जवळ या, त्याला सोडा, मग खुशाल नाव घ्या.