तीन पायांवरची संध्याकाळ

मी ताईंचा ट्रायपॉड बोलतोय. कॅमेऱ्याचं कौतुक सगळेच करतात. त्याला डोक्यावर घेऊन तासन्‌तास उभा असतो तो मी.

माझा जन्म कारखान्यातला. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचे पाय, टोकाला रबरी बूट, डोक्यावर कॅमेरा बसवायचा स्क्रू. ताई आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे दादा, यांच्या फोटो स्टुडिओत आलो तेव्हा वाटलं, आता आपली चैन. पण ताईंना माझी गरजच नव्हती. त्यांचा हात इतका स्थिर, की अख्खा समारंभ त्या नुसत्या हातावर टिपायच्या. "हे लोढणं कोण वागवणार?" म्हणत त्यांनी मला पडद्यामागे उभं केलं. तिथं माझ्यावर ओल्या छत्र्या टांगत, कधी दादांचा कोट. मी छत्र्यांसाठीच जन्मलो, असं हळूहळू मलाही वाटू लागलं.

मग ताईंच्या हातांना कंप सुटला. आधी कप बशीवर किणकिणू लागला, नंतर फोटो हलू लागले. औषधानं थोडा फरक पडेल, पण पूर्ण जाणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. एका लग्नात नवरीचे सगळे फोटो पुसट आले आणि दादांना चारचौघांत बोलणी खावी लागली. दादांचा बहिणीवर जीव होता. तरी त्या दिवशी त्यांनी तिच्या हातातला कॅमेरा काढून घेतला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "तू आता पुढं टेबलापाशी बस. फोटोचं मी बघतो."

ताई बसल्या. दिवसभर गिऱ्हाइकांशी हसून बोलायच्या आणि दुकान बंद करताना पडद्यामागे येऊन डोळे पुसायच्या. एकदा छत्री घ्यायला आलेल्या वहिनींनी त्यांना तसं पाहिलं. वहिनी म्हणजे दादांची बायको. बोलणं रोखठोक, पण बाई मायेची. "हात थरथरतो तर थरथरू दे," त्या म्हणाल्या. "नजर कुठं गेलीय तुमची?" ताईंनी मान वर केली, तर समोर मी. वहिनींनी छत्र्या उतरवल्या, फडक्यानं माझी धूळ पुसली, दादांच्या खोलीतून कॅमेरा हळूच आणला, आणि आम्ही गच्चीवर गेलो.

तिथून नदी दिसते आणि नदीपलीकडं उंच इमारतींची रांग. ताईंनी ठरवलं, मावळतीचा फोटो घ्यायचा, पण कॅमेऱ्याचं शटर, म्हणजे उजेड आत घेणारी झडप, बराच वेळ उघडं ठेवून. तेवढ्या वेळात ढग वाहतात ते रेघांसारखे उमटतात, पाणी काचेसारखं होतं, पुलावरच्या गाड्यांच्या नुसत्या प्रकाशरेषा उरतात. फक्त कॅमेरा केसभरही हलता कामा नये.

पहिल्या संध्याकाळी ताईंनी बोटानं बटण दाबलं. बोटाचा कंप माझ्या पायांपर्यंत आला आणि सगळं शहर दुहेरी उमटलं. ताईंनी हाय खाल्ली नाही. खण धुंडाळून कॅमेऱ्याला जोडायचं वायरवरचं बटण शोधलं. ते हातात धरलं की हात हवा तेवढा हलू दे, लोंबती वायर तो कंप गिळून टाकते. मग वाऱ्यानं छळलं. ताईंनी माझ्या पोटाखालच्या आकड्याला जड पिशवी अडकवली. मी घट्ट रोवला गेलो.

आणि ती संध्याकाळ आली. सूर्य इमारतींमागं उतरला होता, आभाळ तांबडं होतं, खिडक्यांत एकेक दिवा लागत होता. ताईंनी बटण दाबून शटर उघडलं. तेवढ्यात जिन्यातून दादा वर आले, टेबलापाशी कुणी नाही म्हणून कुरकुरत. दादांचं वजन दणदणीत. त्यांच्या पावलानं गच्चीची फरशी हादरते, हे मला पायांनी कळतं.

"दादा, हलू नकोस," ताई म्हणाल्या.

फोटो काढतानाचा ताईंचा हा हुकमी आवाज कितीतरी दिवसांनी ऐकला. दादा एक पाय उंबऱ्यावर, एक हवेत, असे थिजले. कठड्याला धरून डोलू लागले, घाम फुटला, पण पाय टेकला नाही. वहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी श्वास रोखून उभा, आणि सगळ्यांत निवांत कोण, तर ताई.

शटर मिटलं. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर चित्र आलं: सोन्याची नदी, पेटलेल्या खिडक्या, इमारतीची कडा न्‌ कडा धारदार. दादांनी वाकून एकेक खिडकी न्याहाळली. "हे मला नसतं जमलं," एवढंच म्हणाले, आणि कॅमेऱ्याचा पट्टा ताईंच्या गळ्यात घातला.

तो फोटो भिंतभर मोठा करून दादांनी स्वतः स्टुडिओच्या दर्शनी भागात लावला. खाली ताईंचं नाव. रस्त्यानं जाणारी माणसं थांबतात, त्यात आपली खिडकी शोधतात, सापडली की घरच्यांना घेऊन येतात. आता शहराचे फोटो हवे असले की लोक ताईंनाच विचारत येतात, आणि ताई वेळ सांगतात ती मावळतीची.

माझे बूट झिजलेत, एका पायाची पकड ढिली झालीय, तिच्यावर चिकटपट्टी आहे. पण आज आम्ही पुलावर आलोय. भल्या माणसांनो, संध्याकाळी कुणी तीन पायांशेजारी उभं दिसलं, तर जरा हळू चाला. टेकायला कठडा आहे, मला टेकू नका. बास, आता बोलणं बंद. सूर्य टेकलाय, आणि मला उभं राहायचंय.