चोराला आभारपत्र

मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो, आणि आज माझं डोकं तापलेलं आहे. तसं ते रोज दुपारी तापतंच, कारण माझ्या पंख्यात धूळ साचली आहे. आजचं कारण मात्र धूळ नाही.

माझ्या आयुष्याची सुरुवात एका छापखान्यात झाली. तिथे आमची ताई माझ्यावर मुद्रितं तपासायची. मजकूर छापून जाण्याआधी तिने एखादी मोठी चूक पकडली की मालक स्वतः उठून यायचे, "वाचवलंत हो!" म्हणायचे आणि तिच्यासाठी चहा मागवायचे. छापखाना बंद पडला तेव्हा त्यांनी मला तिच्या हवाली केलं. "याचं बिजागर गेलंय, पण डोकं शाबूत आहे," एवढंच म्हणाले. तेव्हापासून माझा पडदा भिंतीला टेकवून ठेवावा लागतो.

ताईने दोन वर्षं घासून प्रोग्राम वाचायला शिकून घेतलं. शब्दांच्या जागी कंस आणि आकडे आले, पण नजर तीच राहिली. प्रोग्राममधल्या चुका शोधून कळवायच्या आणि बक्षीस मिळवायचं, हे तिचं नवं काम. चार ठिकाणी तिला ते मिळालंही. तेव्हा ती माझ्यावरून मऊ फडका फिरवायची. मीही मग न अडखळता सुरू व्हायचो.

तिचा थोरला भाऊ बेकरीत भट्टी सांभाळतो. बावीस वर्षं दुसऱ्याच्या भट्टीपुढे उभं राहून त्याने स्वतःच्या भट्टीसाठी पैसे साठवले होते. एक दिवस त्याने ते सगळे इंटरनेटवरच्या एका योजनेत टाकले. तिथे ना बँक, ना मॅनेजर, ना कारकून. पैसे ठेवणं-काढणं सगळं एक प्रोग्राम बघतो आणि तो कोणालाही वाचता येतो. "चूक दाखवा, भरघोस बक्षीस मिळवा," असं योजना चालवणाऱ्या कंपनीने ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

"दादा, आधी मला विचारायचंस तरी!" ताई म्हणाली.

"अगं, व्याज बघ की किती देतात!"

पैसे सहा महिने काढता येणार नव्हते. मग ताई जेवणाच्या टेबलाशी मला घेऊन बसली आणि तिने प्रोग्राम ओळीने वाचायला घेतला. अकराव्या दिवशी ती एकदम म्हणाली, "अगं बाई!"

चूक साधी होती. प्रोग्राम आधी पैसे हातात द्यायचा आणि मग वहीतून रक्कम वजा करायचा. वजा व्हायच्या आत पुन्हा मागितले तर पुन्हा द्यायचा, आणि असं तिजोरी रिकामी होईपर्यंत. मित्रांनो, मी साक्षीदार आहे. ताईने मनात आणलं असतं तर दादाचेच काय, सगळ्यांचे पैसे तिच्या हाती आले असते. तिने त्यातला एक पैसाही हलवला नाही. चार पानी पत्र लिहिलं, दुरुस्ती कशी करायची तेही सांगितलं, आणि दुरुस्ती होईपर्यंत हे गुप्त ठेवा अशी विनंती केली.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. "हा दोष नाही. प्रोग्राम ठरल्याप्रमाणेच चालतो. बक्षीस लागू नाही." ताईने आणखी तीन पत्रं पाठवली. तेव्हा त्या शहाण्यांनी काय करावं? बक्षीस बुडवलं असं कोणी म्हणू नये म्हणून तिचं पहिलं पत्र जसंच्या तसं आपल्या जाहीर फलकावर लावलं! भोक कुठे आहे, आत कसं शिरायचं, सगळं. खाली टीप होती, "क्षुल्लक शंकांनाही आम्ही उघडपणे उत्तर देतो."

"अहो, काय करून बसलात हे! आधी काढा ते!" ताई माझ्या पडद्यावर ओरडली. मी ऐकलं. ज्यांनी ऐकायचं त्यांनी ऐकलं नाही.

दोन दिवसांत तिजोरी साफ झाली. दादा पिठाच्या हातांनीच धावत आला. "माझं काय गं?"

यापुढचं सांगताना माझा पंखा घरघरतो. कंपनीने त्या चोराला जाहीर पत्र लिहिलं. मायना होता, "आदरणीय संशोधक". दहावा हिस्सा बक्षीस म्हणून ठेवा, बाकीचे परत करा, आम्ही तक्रार करणार नाही. चोराने तसं केलं. कंपनीने त्याचे आभार मानले आणि तो दहावा हिस्सा प्रत्येक ठेवीदाराच्या पैशातून कापला.

"म्हणजे त्याचं बक्षीस माझ्या खिशातून?" दादाने विचारलं. "आणि तुला काय?"

ताईने त्याला सकाळी आलेलं पत्र दाखवलं. निधी संपल्यामुळे बक्षीस योजना बंद करण्यात येत आहे.

दादा हसला, पण त्याचे डोळे भरले होते. "तूच हात मारला असतास तर तुला आदरणीय म्हणाले असते."

"आणि तुला तोंड कसं दाखवलं असतं?"

हा कुठला न्याय, मित्रांनो? दार उघडं आहे असं सांगायला येणारीला हाकलायचं आणि आत शिरणाऱ्याला हार घालायचा! लाज कशी वाटत नाही?

मुदत संपताच दादाने उरलेले पैसे काढून घेतले. भट्टीला ते पुरत नाहीत. अजून दीड वर्ष तो दुसऱ्याच्याच भट्टीपुढे उभा राहणार आहे.

ताईने मात्र चोरीनंतर कंपनीने दुरुस्त केलेला तो प्रोग्राम परत वाचला आणि तिला त्यात नवं भोक सापडलं.

"राहू दे ना आता," दादा म्हणाला. "आपले निघाले की."

"बाकीच्यांचे आहेत ना अजून," म्हणत तिने मला पुढे ओढलं आणि पत्र लिहून पाठवलं. बक्षीस तर आता नाहीच.

त्याला आज बारा दिवस झाले. ती रोज सकाळी मला उघडून बघते. पत्र पोहोचलं आहे, पण त्यांनी अजून ते उघडलेलं नाही. मित्रांनो, तुमच्या ओळखीचं कोणी तिथे कामाला असेल, तर माझ्यासाठी एवढं करा. त्यांना म्हणावं, बक्षीस नका देऊ, चहासुद्धा नका पाजू. पण चोराच्या आधी ते पत्र तुम्ही वाचा.