कुरडईवरची राख

परत आलेल्या खोक्यात कुरडयांच्या वर साबणाची एक वडी ठेवलेली होती. नवी कोरी, वेष्टनासकट. माल परत घेऊन आलेल्या टेम्पोवाल्यानं निरोप तेवढा सांगितला, "शेठ म्हणे, बाईला सांग, हात धुवून करत जा."

हे ऐकून माझी फुई ओट्यावर बसली ती दिवेलागणीपर्यंत उठली नाही. फुई म्हणजे माझी आत्या, बेबाबाई. मला हे तिनं सांगितलं नाही. ती सांगणारच नव्हती. शेजारच्या पुनमनं फोन केला आणि म्हणाली, "मयुरी, तू ये. तुझी फुई सारखी आपले हात बघते आहे."

मला असला संताप आला की काय सांगू! हात धुवून? फुईला? आमचं गाव पाचोऱ्यापासून जवळ. नवरा गेल्यावर फुई माहेरी परत आली आणि उन्हाळा लागला की गल्लीतल्या बायांना जमवून वाळवण करू लागली. उडदाचे पापड, गव्हाच्या चिकाच्या कुरडया. तिच्या हाताखाली काम करणं म्हणजे शिक्षा आहे. डोक्याला फडकं बांधा, बांगड्या वर सारा, नखं दाखवा. एखादी नुसती शिंकली तरी तिला मोरीकडे पिटाळते. जळगावात केवलचंद शेठांच्या दुकानात लोक नुसत्या कुरडया मागत नाहीत, बेबाबाईच्या कुरडया मागतात. फुईला ना मूलबाळ, ना जमीन. स्वतःचं म्हणावं असं तिच्याजवळ एक नाव होतं, आणि शेठांनी साबणाच्या एका वडीनं ते पुसून टाकलं.

शनिवारी मी गावी गेले. खोकं उघडून बघितलं तर कुरडया खरंच काळपट होत्या. खोटं कशाला बोलू? शुभ्र कुरडईवर राखाडी झाक होती. पापडांचंही तेच. शेठांना दोष द्यायचा तरी कसा, या विचारानं माझा राग आणखीच वाढला.

काळपटपणा कुठून आला हे गल्लीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. नाल्याच्या पलीकडे योगराज भाऊंचा विटांचा कारखाना सुरू झालाय. मातीच्या विटा नव्हेत. वीजकेंद्रात कोळसा जळून उरणारी राख ट्रकनं आणायची आणि तिच्या विटा पाडायच्या. राखेचा ढीग उघड्यावर, घराएवढा. दुपारचा वारा सुटला की तो नाला ओलांडून आमच्या गच्च्यांवर येतो. योगराज भाऊ मागं सरपंच होते, त्यामुळे त्यांच्याकडे तक्रार घेऊन जाणारा माणूस चहा पिऊन परत येतो.

फुई मात्र चहा न पिता बोलली होती. तेव्हा योगराज भाऊ हसून म्हणाले होते, "अक्का, तुम्ही चीक चुलीवर शिजवता ना? मग ती तुमच्याच चुलीची काजळी." चूल गच्चीवर नाही, खाली अंगणात असते, असं फुईनं सांगितल्यावर ते म्हणाले, "मग शेतातली माती असेल. खानदेशात धूळ नाही उडणार तर काय उडणार?"

काजळी नाही तर माती. म्हणजे काहीही झालं तरी दोष एकतर फुईचा, नाहीतर देवाचा. मला हे असलं बोलणं सहन होत नाही, आणि नेमकं काजळी, माती आणि राख या तीन गोष्टींत फरक करणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे.

मी जळगावातल्या एका प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक चालवते. साध्या सूक्ष्मदर्शकात उजेडानं बघतात, आमच्यात इलेक्ट्रॉनच्या झोतानं. तो झोत वस्तूच्या पृष्ठभागावरून ओळीनं फिरतो आणि पडद्यावर चित्र उमटतं. केसाच्या जाडीपेक्षा हजारपट बारीक गोष्ट दिसते. दिवसभर मी संशोधन करणाऱ्या पोरापोरींचे नमुने बघते. कुणी चांदीचे कण केलेले असतात, कुणी जस्ताचे. सगळ्यांचं म्हणणं एकच, "मॅडम, एक छानसा फोटो काढून द्या." मी छानसा फोटो काढत नाही. जे आहे ते काढते. त्यामुळे पोरांत माझी लोकप्रियता बेताचीच आहे.

बाहेरच्या कुणालाही आमच्याकडे फी भरून नमुना देता येतो. मी फुईच्या नावानं रीतसर पावती फाडली आणि तिला म्हटलं, पापड पाठव. दुसऱ्याच दिवशी एसटीनं डबा आला.

पहिला पापड यंत्रात घातला. काही नाही. उडदाचं पीठ, मिऱ्याचे तुकडे, बस्स. दुसरी जागा बघितली, तिसरी बघितली. अख्खा पापड स्वच्छ! म्हणजे योगराज भाऊ खरे? मग पापड डोळ्यांसमोर तिरपा धरला आणि लक्षात आलं. मी तिथूनच फोन लावला.

"फुई, तू पापड पुसी दिधात का?"

"हाव." आवाजात जराही संकोच नाही. "बठ्ठास्वर फडकं फिराई दिधं. तुना सायेबस्पुढे असा घाण पापड कसा धाडू? ते म्हनतीन, मयुरीनी फुई घाण शे."

बठ्ठास्वर, म्हणजे सगळ्यांवर! मी कपाळावर हात मारून घेतला. रागावू तरी कुणावर? जिला घाणेरडी म्हणून साबण पाठवला, तिनं आपल्या स्वच्छपणाच्या हौसेपायी आपलाच पुरावा पुसून टाकला होता.

"आणि कुरडया?" मी विचारलं.

"कुरड्यास्ले कसं पुसू? तठे बोट बी नही जात."

मी खुर्चीतून उठलेच. बरोबर आहे! कुरडई म्हणजे शेवेचं जाळं. तिच्या आत फडकं जात नाही, बोट जात नाही. शिवाय ती गच्चीवर पडते तेव्हा ओली, चिकट असते. वाऱ्यानं जे आणलं ते त्या चिकात रुतून बसतं आणि कुरडई वाळली की तिथंच कैद होतं. हवेतली धूळ पकडायला आम्ही चिकटपट्ट्या वापरतो. इथं बायांनी गच्चीभर चिकटपट्ट्या आधीच पसरून ठेवल्या होत्या.

पण एकट्या कुरडईनं काम भागणार नव्हतं. तिच्याशी ताडून बघायला चुलीची काजळी हवी, शेताची माती हवी आणि कारखान्याची राख हवी. पुढच्या रविवारी मी पुन्हा गावी गेले. कुरडया, काजळी आणि माती फुईनं दिली. राखेसाठी मी भरदुपारी नाल्यापलीकडे गेले. ट्रकमधून सांडून रस्त्याच्या कडेला राखेचा थर बसला होता. कागदाच्या पुडीत मी तो भरू लागले तसा कारखान्याचा राखणदार भिकन धावत आला.

"ताई, परवानगी घेतली का?"

"रस्त्यावरची राख उचलायला परवानगी लागते?"

"मालकाची राख शे ती."

"असं? मग आमच्या गच्चीवर पडली तीसुद्धा मालकाचीच ना?" मी पुडी बांधत म्हटलं. "ती नेतात का विचार त्यांना."

भिकन बिचारा डोकं खाजवत उभा राहिला. त्याची स्वतःची गच्ची आमच्या गल्लीतच आहे.

सोमवारी चार नमुने लावले. ज्या वस्तूतून वीज वाहत नाही तिच्यावर यंत्रात घालण्यापूर्वी सोन्याचा अतिशय पातळ थर चढवावा लागतो, काही नॅनोमीटरचा. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. फुईला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "कुरडईले सोनं लाई दिधं? मंग ती परत लई ये!" साबण आल्यापासून ती पहिल्यांदा हसली.

मग पडदा उजळला. आमच्या यंत्रात एक सोय अशी आहे की जड मूलद्रव्यं उजळ दिसतात आणि हलकी काळी. चीक म्हणजे हलका माल, म्हणून कुरडईची शेव पडद्यावर काळी दिसत होती, आणि तिच्यावर जागोजागी पांढरे ठिपके चमकत होते. शेठांना जे काळं दिसलं होतं ते इथं पांढरंशुभ्र होतं. एका ठिपक्यावर मी जवळ जवळ गेले. गोल. दुसरा, गोल. तिसरा, गोळीसारखा गुळगुळीत. एक गोळा फुटलेला होता आणि त्याच्या आत लहान लहान गोळे, डाळिंबात दाणे असतात तसे. मी एकटीच होते, तरी मोठ्यानं ओरडले, "सापडला!"

शेतातली माती लावली. पापुद्रे, कपचे, धारदार कडा. गोल कण औषधालासुद्धा नाही. कसा असेल? कण गोल व्हायला तो आधी वितळावा लागतो आणि थेंब हवेतच थिजावा लागतो. एवढी आग वीजकेंद्राच्या भट्टीत असते, शेतात नाही. कारखान्याची राख लावली तर तेच गोळे, तीच फुटकी डाळिंबं.

काजळीनं मात्र मला थांबवलं. काजळीचे कणही गोल असतात. खूप लहान, तीस-चाळीस नॅनोमीटरचे, आणि एकमेकांना चिकटून त्यांचे झुबके झालेले. आकारानं वेगळे आहेत हे मला कळत होतं, पण योगराज भाऊ गावापुढे म्हणतील, गोल तो गोल. म्हणून मी झोत एकेका कणावर रोखला. तसं केलं की कणातून क्ष-किरण निघतात आणि आत कोणती मूलद्रव्यं आहेत ते सांगतात. काजळीत कार्बन, दुसरं काही नाही. कुरडईवरच्या गोळ्यात सिलिकॉन, अॅल्युमिनियम, थोडं लोखंड. कारखान्याच्या राखेतही तेच. आकारानं माती बाद झाली, मूलद्रव्यांनी काजळी बाद झाली. उरली ती नाल्यापलीकडची राख.

छायाचित्रं घेऊन मी आधी केवलचंद शेठांच्या दुकानात गेले, आणि भांडायच्या तयारीनंच गेले. शेठांनी चष्मा पुसून एकेक चित्र पाहिलं. मी समजावत होते, ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तारादेवीनं मला तेव्हाच सांगितलं होतं. एवढ्या वर्षांत बेबाबाईच्या कुरडईत एक केस निघाला नाही, साबण पाठवू नका." तारादेवी म्हणजे शेठाणी. माझं भांडण तिथंच संपलं, याचं मला जरा वाईटच वाटलं.

दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः गावी आले. ओट्यावर फुईसमोर उभे राहून म्हणाले, "अक्का, माझी चूक झाली. तो साबण द्या परत."

फुईनं मान हलवली. "नही शेठ. साबण आते मना शे. मले लागी." मना म्हणजे माझा. कशाला लागणार होता, ते मला ग्रामसभेत कळलं.

त्या आठवड्यात ग्रामसभा होती. एरवी फुई ग्रामसभेला जात नाही. त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या बाया घेऊन गेली आणि पुढच्या सतरंजीवर बसली. शेठही मागं येऊन बसले. मी चित्रं भिंतीवर लावली आणि जसं वर सांगितलं तसंच सांगितलं. मागणी साधी होती. ढिगावर आणि ट्रकवर ताडपत्री, आणि तोवर राख उतरवणं बंद.

योगराज भाऊ खुर्चीत रेलून ऐकत होते. "पोरगी हुशार आहे," ते म्हणाले. "पण गोल तर काजळीही असते. मी पण विचारून आलोय."

"असते," मी म्हटलं. "म्हणून तर आत काय आहे तेही तपासलं. काजळीत नुसता कार्बन असतो. यात सिलिकॉन आणि अॅल्युमिनियम आहे."

"ते मातीतही असतं."

"असतं. पण माती गोल नसते. भाऊ, एकदा काजळी म्हणता, एकदा माती. जे दोन्ही नाही ते काय, एवढं सांगा."

सभेत कुणीतरी हसलं. योगराज भाऊंचा चेहरा उतरला, पण माणूस कसलेला. "भाची तुमची, यंत्र भाचीच्या हातात, रिपोर्ट भाचीचा," ते फुईकडे वळून म्हणाले. "घरच्या पोरीचा रिपोर्ट गावानं का मानायचा?"

हे त्यांचं खरंच होतं, आणि मी त्याचीच वाट बघत होते. परत आलेलं अख्खं खोकं मी त्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं.

"मानू नका. यातली कुठलीही कुरडई तुम्ही निवडा, तुम्हीच मोडा, तुमच्या हातानं पाकीट बंद करा. धुळ्याला पाठवा, पुण्याला पाठवा, माझी ओळख नाही अशा ठिकाणी पाठवा. सोबत तुमच्या ढिगातली राखही तुम्हीच घाला. जे निघेल ते इथं वाचून दाखवा. मी आत्ता सही करून देते की मला मान्य आहे. तुम्ही करता सही?"

योगराज भाऊंनी खोक्याकडे पाहिलं. हात काही पुढे केला नाही. सगळी सभा त्या हाताकडे बघत होती. मागं भिकन उभा होता, तोसुद्धा.

तेव्हा फुई उठली. पदराखालून तिनं साबणाची वडी काढली, वेष्टन फाडलं आणि वडी टेबलावर, बरोबर योगराज भाऊंच्या पुढ्यात ठेवली. मग कोपऱ्यातल्या माठातून तांब्या भरून घेतला.

"योगराज," ती म्हणाली, "मना हात साफ शेतस. बठ्ठा गावनी दखी लिधं. आते तू धुई ले. पानी मी टाकस."

योगराज भाऊ ग्रामसेवकाकडे बघू लागले, ग्रामसेवक आढ्याकडे. पुनम उठून फुईच्या शेजारी उभी राहिली, मग एकेक करून बाकीच्या बाया. फुई तांब्या पुढे धरून उभी होती. तांब्या काठोकाठ भरलेला होता आणि तिला घरी जायची काहीच घाई नव्हती.