कच्च्या माशाचा ठोकळा

मित्रांनो, मी चिंचेच्या खोडाचा एक जुना ठोकळा आहे, मासे चिरायचा. थायलंडच्या ईसान भागात, धरणाकाठच्या एका गावात माझं आयुष्य गेलं. लग्नाच्या वर्षी बुनपेंगने मला स्वतः करवतीने कापलं, आठ दिवस मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलं आणि बायकोला, खामसायला, दिलं. तेव्हा मी केवढा मिरवलो!

धरणातले बोटभर मासे माझ्यावर बारीक चिरायचे. वर लिंबू, मिरची, भाजल्या तांदळाची पूड. ही आमची कोई, कच्चीच खायची. कापणीला आलेली माणसं बोटं चाटत म्हणायची, "कोई खावी तर बुनपेंगच्याच घरची!" कुणी शिजवलेला मासा मागितला की तीच माणसं हसायची, "का रे, बाळंतीण आहेस का?"

आरोग्यकेंद्रातली ताई दरवर्षी येई. "काका, कच्च्या माशातून किडे यकृतात जातात. शिजवून खा."

बुनपेंग हात पुढे करी. "तू गोळी दे गं पोरी. वर लिंबू आहे, घोटभर दारू आहे. किडा जगतोय कुठला!"

गोळीने किडे मरायचे खरे. पण संध्याकाळी पुन्हा कोई, पुन्हा किडे. खामसायने मासा उकडला की तो ताट दूर सरकवायचा. मग तीही मुकाट्याने सुरी उचलायची. मला सगळं कळत होतं, पण लाकडाला कुठलं तोंड!

पन्नाशीत त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. शहरातले डॉक्टर म्हणाले, "पित्ताच्या नळीचा कॅन्सर. किड्यांनी वर्षानुवर्षं नळी आतून सोलली. गोळी किडे मारते, झालेली जखम पुसत नाही. फार उशीर केलात."

"मी माझ्या हातांनी चिरून घातलं हो," एवढंच खामसाय म्हणत राहिली. तिसऱ्या महिन्यात तो गेला.

चितेची लाकडं रचायला गाव आला. आलेल्यांना जेवू घालायची रीतच आहे. कुणीतरी धरणातून मासे आणले आणि मला मांडवात नेलं.

"अरे, निदान आज तरी शिजवा रे!" खामसाय ओरडली.

बुनपेंगचा धाकटा भाऊ लिंबू पिळत होता. तो म्हणाला, "वहिनी, उद्या गोळी घेऊ ना."

मित्रांनो, माझं कुणी ऐकेल अशी आशा मला उरलेली नाही. तरी एक मागतो. चिंचेचं लाकूड धग चांगली धरतं. मला फोडून चुलीत घाला, आणि त्या चुलीवर मासा शिजवा.